कार्यक्रम कंपनीचा, गाणी कोणाची?

खरीप तोंडावर आला की अकोल्यातली हॉटेलं आणि सभागृहं बियाणे-कीटकनाशक कंपन्यांच्या विक्रेता मेळाव्यांनी भरून जातात. पुढे सप्टेंबरात पतसंस्थांच्या आमसभा लागतात. दसऱ्याच्या आसपास जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त होतो आणि हिवाळ्यात अमरावतीच्या शोरूमचे, क्लासेसचे, दवाखान्यांचे वर्धापन दिन सुरू होतात. यातल्या प्रत्येक ठिकाणी ऑफिसातल्या कुणालातरी आदल्या संध्याकाळी सांगितलं जातं, "आणि हो, मागे काहीतरी म्युझिक लावायचं बघ." हा लेख ज्याच्यावर ही जबाबदारी येते त्याच्यासाठी आहे, आणि ती टाकणाऱ्या मालकासाठीही.

वाचकांकडून फिरून फिरून तीन प्रश्न येतात. तिकीट लावलेलं नाही, मग परवाना कशाला? हॉटेलने परवाना काढलेलाच असतो ना? आणि आमच्याकडे यूट्यूबचं प्रीमियम आहे, ते चालणार नाही का? तिन्हींची उत्तरं पुढे येतील. पण बहुतेक जण सुरुवात परवान्यापासून करतात किंवा गाण्यांच्या यादीपासून करतात, आणि घोळ तिथेच होतो. आधी कार्यक्रमपत्रिका घ्या, त्यावरून संगीत ठरवा, आणि संगीत ठरल्यावर परवान्याकडे वळा. हा क्रम पाळलात तर लक्षात येईल की वाजवायचं फार थोडं असतं, आणि खर्चही त्याच मानाने उतरतो.

पत्रिकेवर पेन्सिलने खुणा करा

कार्यक्रमाचा प्रत्येक टप्पा पाहा आणि तिथे लोक काय करत असतील एवढंच स्वतःला विचारा.

- नोंदणी आणि नाश्ता: लोक एकमेकांना भेटत असतात. बासरी, संतूर, सतार, गिटार असं शब्दांविना संगीत लावा. गाण्यात शब्द आले की कान तिकडे जातो आणि बोलणं तुटतं.
- दीपप्रज्वलन: दीड-दोन मिनिटांचा एकच तुकडा पुरतो. तो सुरू कधी करायचा आणि हळूहळू कमी कधी करायचा हे सूत्रसंचालकाला आधी सांगून ठेवा.
- भाषणं, सादरीकरण: काहीही नको. भाषणामागे मंद संगीत ठेवण्याची टूम आली आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्यामुळे ना भाषण ऐकू येत, ना संगीत.
- सत्कार आणि बक्षिसं: प्रत्येक नावाला आठ-दहा सेकंदांचा ठेका. चाळीस विक्रेत्यांचा सत्कार असेल तर एकच ठेका चाळीसदा ऐकून लोक वैतागतात, म्हणून तीन-चार वेगवेगळे तुकडे ठेवा.
- जेवण: इथे ओळखीच्या चाली चालतात, पण वाद्यांवर वाजवलेल्या.

राष्ट्रगीत आणि राज्यगीत यांना पार्श्वसंगीतात धरू नका. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत आहे. ते उभं राहून ऐकण्याचं गीत आहे, पाहुणे खुर्च्या शोधत असताना मागे लावण्याचं नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच पत्रिकेत छापलेली नसते: प्रमुख पाहुण्यांचा उशीर. अकरा वाजताच्या कार्यक्रमाला पाहुणे साडेबारापर्यंत येऊ शकतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी यादी मात्र वीस मिनिटांची तयार केली जाते. सुरुवातीच्या टप्प्यासाठी किमान दीड तासाचं संगीत हाताशी ठेवा. तेच सहा तुकडे फिरून वाजू लागले की उशीर झाल्याचं सभागृहात जास्तच जाणवतं.

सभागृह, लॉन आणि कूलर

वऱ्हाडातला उन्हाळा संगीताच्या निवडीत लुडबुड करतो. वातानुकूलित सभागृह नसेल तर चारी बाजूंनी कूलर लागतात, आणि मोठ्या कूलरच्या घरघरीत संतूर, बासरी यांचे नाजूक स्वर पार बुडून जातात. मग साऊंडवाला आवाज वाढवतो, लोक मोठ्याने बोलू लागतात, तो आणखी वाढवतो. अशा जागी आवाज वाढवण्यापेक्षा वाद्य बदला. हार्मोनियम, क्लॅरिनेट, सरोद यांचा भरीव स्वर कूलरच्या आवाजातही कमी पातळीवर ऐकू येतो. शक्य असेल तर स्टेजजवळच्या दोन मोठ्या स्पीकरऐवजी सभागृहात चार-सहा छोटे स्पीकर विखरून लावायला सांगा.

लॉनवर उलटी अडचण असते. भिंती नसल्याने आवाज वाऱ्यावर जातो, आणि स्पीकर ज्या वस्तीकडे तोंड करून असतील तिथे तक्रार तयार होते. स्पीकर बाहेरच्या रस्त्याकडे किंवा घरांकडे न वळवता आतल्या बाजूला वळवा. जनरेटर कुठे ठेवणार हेही बिछायतवाल्याला आधीच विचारून घ्या.

आवाजाची तपासणी सोपी आहे. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या दोघांना नेहमीच्या स्वरात बोलता आलं पाहिजे. ही तपासणी सभागृह भरल्यावर पुन्हा करा, कारण रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि माणसं आली की शोषला जातो.

परवाना: एका गाण्यात दोन वेगळे हक्क

आता ज्यावरून सर्वांत जास्त गोंधळ आहे त्याकडे येऊ. ध्वनिमुद्रित गाण्यात प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ नुसार दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे गीतकाराचे शब्द आणि संगीतकाराची चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, जे सहसा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं असतं. चार माणसांच्या घरगुती बैठकीपलीकडे, म्हणजे विक्रेते, ग्राहक, सभासद यांच्यासमोर ते वाजवलं की दोन्हींची परवानगी लागते. तिकीट आहे की नाही याने हा प्रश्न सुटत नाही. कंपनी आपल्या धंद्यासाठी लोक जमवते, तेवढं पुरेसं असतं.

- रचनेसाठी: इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. ही गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशकांची नोंदणीकृत संस्था आहे.
- ध्वनिमुद्रणासाठी: फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड म्हणजे पीपीएल, रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्स लिमिटेड म्हणजे आरएमपीएल, आणि काही कंपन्यांच्या संगीतासाठी नोव्हेक्स. तुमच्या यादीतली गाणी ज्या कंपनीची असतील तिचे हक्क कोणाकडे आहेत, त्यावर कोणाकडे जायचं हे ठरतं.

म्हणूनच यादी आधी हवी. पंचवीस गाण्यांची यादी तीन वेगवेगळ्या लेबलांची असेल तर ध्वनिमुद्रणासाठी तीन दारं ठोठवावी लागू शकतात. एकाच लेबलच्या वाद्यसंगीतातून यादी केली तर एकच.

पीपीएल आणि नोव्हेक्स या नोंदणीकृत प्रतिलिप्यधिकार संस्था नाहीत, मग त्यांना परवाना देता येतो का, यावर न्यायालयांत एकमत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये निकाल दिला की स्वतःच्या मालकीच्या हक्कांचा परवाना त्यांना देता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये उलट मत दिलं आणि शुल्क आरएमपीएलच्या दरपत्रकानुसार आकारावं असं सांगितलं. त्या निर्देशाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. अमरावती आणि अकोला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतात, तेव्हा आपल्यासाठी मुंबईचा निकाल महत्त्वाचा. दिल्लीच्या बातमीचं कात्रण दाखवून इथे सुटका होईल अशा भरवशावर राहू नका.

हॉटेलच्या परवान्याचं काय? हॉटेलने परवाना काढलेला असेल तर तो बहुधा लॉबी, रेस्टॉरंट यांतल्या नेहमीच्या संगीतासाठी असतो. बँक्वेट हॉलमधल्या तुमच्या कार्यक्रमाचं शुल्क वेगळं असतं. "आमचं सगळं आहे" हे तोंडी उत्तर पुरेसं मानू नका. परवान्याची प्रत मागा, त्यावर जागा कोणती, मुदत कुठपर्यंत आणि कार्यक्रमांचा उल्लेख आहे का, एवढं वाचा.

यूट्यूब, स्पॉटिफाय यांची वर्गणी वैयक्तिक ऐकण्यासाठी असते. प्रीमियम घेतल्याने जाहिरात जाते, सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचा हक्क येत नाही.

कलावंत समोर बसून वाजवणार असतील तर ध्वनिमुद्रण वापरलं जात नाही, म्हणून पीपीएलसारख्यांचा प्रश्न उरत नाही. पण ते चित्रपटगीतं वाजवणार असतील तर रचनेचा, म्हणजे आयपीआरएसचा परवाना लागतोच. कराओकेवर गाणाऱ्यांचे ग्रुप आता आपल्याकडेही बरेच झाले आहेत. कराओकेचा ट्रॅक हेही ध्वनिमुद्रण आहे हे ते सहसा विसरतात.

विनापरवाना वापराची शिक्षा कलम ६३ मध्ये आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्याच्या फायद्यासाठी वापर झालेला नसेल तर न्यायालय कारण नोंदवून ती कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि कंपनीने गुन्हा केला तर त्या कामाची जबाबदारी सांभाळणारी व्यक्तीही कलम ६९ खाली येते. तेव्हा "म्युझिकचं बघ" असं सांगितलं गेलेल्या कर्मचाऱ्याने परवान्याचा खर्च मालकाकडून ईमेलवर मंजूर करून घ्यावा.

"आम्हाला सूट आहे" असं वाटतंय?

कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सुटी आहेत. त्यांच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत.

- धार्मिक विधी: खरोखरीच्या धार्मिक विधीला परवाना लागत नाही. कारखान्यातला गणपती, नव्या गोदामातली सत्यनारायणाची पूजा त्यात बसेल. पूजा आटोपल्यावर विक्रेत्यांसाठी ठेवलेलं संध्याकाळचं जेवण बसणार नाही.
- लग्न: वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ याच सुटीत येतात, म्हणून मंगल कार्यालयवाल्यांना परवान्याची सवय नसते. तुम्ही त्याच मंगल कार्यालयात कंपनीचा मेळावा घेतलात की ही सूट तुम्हाला मिळत नाही.
- सरकारी समारंभ: केंद्र, राज्य शासन आणि स्थानिक प्राधिकरणं, म्हणजे जिल्हा परिषद, महानगरपालिका, यांच्या अधिकृत समारंभांना सूट आहे. महामंडळं आणि विद्यापीठं यांनी मात्र आपण यात बसतो असं गृहीत धरू नये. विधी विभागाचं लेखी मत घ्यावं.
- नफ्यासाठी नसलेले क्लब, हौशी मंडळं: पतसंस्था सभासदांना लाभांश वाटते, तेव्हा ती स्वतःला यात बसवू पाहील तर पाया कच्चा आहे.

सरकारी परिपत्रकावरही विसंबू नका. लग्नसमारंभातल्या संगीताबद्दल गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं.

आपल्या भागातली गाणी

स्थानिक रंग हवा ही इच्छा रास्त आहे. मुंबईच्या हॉटेलातलं सॅक्सोफोन अकोल्याच्या विक्रेता मेळाव्यात उपरं वाटतं. पण "आपल्याच मातीचं आहे, त्याला कसला परवाना" हे खरं नाही.

रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं टिकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ऑक्टोबर १९६८ मध्ये झालं, म्हणजे त्यांच्या भजनांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. कंपनीच्या कार्यक्रमात ती वाजवायची असतील तर गुरुकुंज मोझरीच्या गुरुदेव सेवा मंडळाकडे चौकशी करण्यापासून सुरुवात करा. अमरावतीचे सुरेश भट २००३ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या गझला आणि गीतं २०६३ पर्यंत हक्काखाली आहेत. शेतीशी संबंधित मेळाव्यात हमखास फर्माईश होते ती विठ्ठल वाघ यांच्या 'काळ्या मातीत मातीत'ची. ते १९८१ च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटातलं गाणं आहे, म्हणून रचना आणि ध्वनिमुद्रण दोन्हींचा परवाना लागेल. लागू द्या. अशा एका गाण्यासाठी परवाना काढणं मला पटतं. ज्यांची नावं कुणाला आठवणारही नाहीत अशा चाळीस हिंदी गाण्यांसाठी काढणं पटत नाही.

संतांच्या अभंगांत एक खोच आहे. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण त्यांना श्रीनिवास खळे यांनी लावलेली चाल खळ्यांची आहे, आणि ते २०११ मध्ये गेले. शब्द मोकळे, चाल बांधलेली. तोच अभंग परंपरेने चालत आलेल्या वारकरी चालीत समोर बसलेल्या मंडळींनी म्हटला तर अडचण नाही. भुलाबाईच्या गाण्यांनाही हेच लागू आहे: पारंपरिक गाणं मोकळं, पण कुणी नव्याने बसवून ध्वनिमुद्रित केलेलं मोकळं नाही.

परवान्याशिवाय काय लावता येईल

*समोर बसून वाजवलेलं शास्त्रीय वाद्यसंगीत.* माझी शिफारस बहुतेक वेळा हीच असते. राग कुणाच्या मालकीचा नाही. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे संगीत विद्यालयं आहेत, बासरी-तबला किंवा हार्मोनियम-तबला अशी जोडी मिळू शकते. बंदिश पारंपरिक असावी आणि मध्येच चित्रपटगीत घेऊ नये, एवढं आधी ठरवून घ्या. कलावंतांना मानधन, ये-जा, जेवण आणि बसायला छोटा मंच द्या. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवू नका. पाहुणे उशिरा आले तर ते अर्धा तास जास्त वाजवू शकतात, त्याचे पैसे किती हेही बोलून ठेवा.

*जुनी ध्वनिमुद्रणं.* ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. १९६० पूर्वीच्या रागसंगीताच्या तबकड्या त्यामुळे वापरता येतात. त्याच काळातली चित्रपटगीतं मात्र नाही, कारण संगीतकाराचा हक्क बहुधा अजून चालू असतो.

*मुक्त परवान्याचं संगीत.* क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये ज्यावर 'अव्यावसायिक' अशी अट आहे ते कंपनीच्या कार्यक्रमात चालत नाही. ज्यावर फक्त श्रेय देण्याची अट आहे ते चालतं. रचनाकाराचं नाव पडद्यावर दाखवा. 'रॉयल्टी-फ्री' म्हणून विकत मिळणारं बरंच संगीत केवळ व्हिडिओत वापरण्यासाठी असतं. सभागृहात वाजवता येईल का, ही ओळ अटींत शोधा. सापडली नाही तर घेऊ नका.

साऊंडवाल्याशी काय बोलाल

"गाणी माझ्याकडे आहेत" असं तो म्हणेल. असतीलही, पण त्याच्या पेनड्राइव्हमधल्या गाण्यांचा जाब तुम्हालाही विचारला जाईल. काम देताना कागदावर एवढं लिहा: यादी तुम्ही द्याल आणि तिच्याबाहेरचं काही वाजणार नाही, परवाना कोण काढणार, आवाज कमी करा म्हटल्यावर लगेच कमी होईल आणि ते सांगण्याचा अधिकार एकाच नाव दिलेल्या व्यक्तीला असेल. तीन संचालक तीन बाजूंनी हातवारे करू लागले की तो बिचारा कुणाचं ऐकणार?

गाणी लॅपटॉपमध्ये उतरवलेली असावीत, इंटरनेटवर अवलंबून नसावीत. तीच यादी दुसऱ्या फोनमध्ये ठेवा, आणि तो फोन विमान मोडवर टाका. नाहीतर दीपप्रज्वलनाच्या वेळी सभागृहभर कुणाच्या तरी मेहुण्याचा कॉल वाजतो. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद पडतो, त्यासाठी छोटा यूपीएस मागा.

कार्यक्रम फेसबुक किंवा यूट्यूबवर थेट दाखवणार असाल तर सभागृहाचा परवाना तिथे कामाचा नाही. या सेवा गाणं ओळखून आवाज बंद करतात, आणि त्याबरोबर अध्यक्षांचं भाषणही जातं. मिक्सरवरून कॅमेऱ्याला फक्त माइकचा आवाज द्यायला सांगा.

रात्री दहाचा नियम

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, त्यासाठी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात वेळेत अर्ज द्या. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृह, बँक्वेट हॉल यांत आतल्या आत चालतो, पण लॉन हे बंद सभागृह नव्हे, वर कापडी मंडप घातला तरी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५ ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात, तिथे ५० आणि ४०. अमरावतीत इर्विन रुग्णालयाच्या आसपास किंवा कोर्टाजवळ जागा घेत असाल तर बुकिंगआधीच हे अंतर पाहा.

कुणी पैसे मागायला आलं तर

कार्यक्रमाच्या तोंडावर फोन येतो किंवा माणूस थेट दारात येतो. गडबडून रोख रक्कम देऊ नका, आणि उद्धटपणे हाकलूही नका. तुम्हाला पुढील गोष्टी मागण्याचा हक्क आहे:

- ओळखपत्र आणि संस्थेने दिलेलं अधिकारपत्र.
- कोणत्या गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे आहेत याची माहिती. तुमची यादी समोर ठेवा आणि त्यातलं नेमकं काय त्यांचं आहे ते विचारा. काहीच नसेल तर शुल्कही नाही.
- प्रकाशित दरपत्रक. नोंदणीकृत संस्थेला ते कायद्याने प्रसिद्ध करावं लागतं. तुमच्या सभागृहाला आणि उपस्थितीला कोणता दर लागला ते दाखवायला सांगा.
- जीएसटीसह पक्कं बिल. पैसे संस्थेच्या बँक खात्यातच भरा.

असा प्रतिनिधी तुमचा साऊंड बंद करू शकत नाही, सामानही उचलून नेऊ शकत नाही. जप्तीचा अधिकार पोलिसांना आहे, तोही उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला. आधार नसताना कुणी कारवाईच्या धमक्या देत असेल तर कलम ६० खाली तुम्ही न्यायालयात जाऊ शकता आणि झालेलं नुकसानही मागू शकता. फोनवर बोलणं झालं तर त्याचा सारांश त्याच दिवशी ईमेलने पाठवा.

परवाना, बिल, वाजवलेल्या गाण्यांची यादी आणि कलावंतांशी झालेला करार एका फायलीत ठेवा, आणि ती फाईल किमान तीन वर्षं जपा, कारण दिवाणी दाव्याची मुदत तेवढी असते.